दर दोन तासांनी कूस

नर्सिंगला जायचं ठरवल्यापासून "नर्सिंगच का?" हे मला फार जणांनी विचारलंय. लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एसटीत शेजारच्या सीटवरच्या काकूंनी विचारलंय, बारावीचा निकाल हातात देताना सरांनी विचारलंय. बहुतेकांच्या प्रश्नातच उत्तर असतं. मार्क कमी पडले असतील, नाहीतर नोकरी लवकर लागते म्हणून. आमच्या वर्गात ही दोन्ही कारणं असलेल्या मुली आहेत, मुलंही आहेत. एकीला जर्मनीला जायचंय, त्यासाठी ती रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या जिन्यात बसून जर्मन पाठ करते. एकीच्या घरी तीन धाकटी भावंडं आहेत आणि चार वर्षांचा कोर्स संपला की पगार सुरू व्हायलाच हवा. मला यात काडीचाही कमीपणा वाटत नाही. ही पोटासाठी आलेली मैत्रीण म्हाताऱ्या रुग्णाच्या तोंडातली कवळी किती हळुवारपणे काढून धुते, ते मी रोज बघते. त्यामुळे "इथे का आलीस" यापेक्षा "इथे का टिकलीस" हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. माझ्याकडे दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते पंगतीत भात येईपर्यंत सांगून होण्यासारखं नाही. म्हणून लिहितेय.

मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडे शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली आणि विषय सेवेचा असला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठरलेले. सोलापूरचा हा मुलगा डॉक्टर होऊन १९३८ साली भारताने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. पथकात पाच डॉक्टर होते. कोटणीस युद्धातल्या जखमींवर उपचार करत तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. वय अवघं बत्तीस. सोलापुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. सहावी-सातवीत असताना मी त्यांच्यावरचं भाषण तोंडपाठ म्हणायचे आणि शेवटी आवाज चढवायचे. तेव्हा सेवा म्हणजे मला एवढंच कळत होतं: एक मोठा माणूस असतो, तो सगळं सोडून लांब जातो आणि झिजून मरतो. कोटणीसांबद्दल आजही मला तितकाच आदर आहे. पण त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान या स्वतः परिचारिका होत्या, हे माझ्या त्या भाषणात कुठेच नव्हतं. भाषण लिहून देणाऱ्यांना ते सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांना त्याची उणीव जाणवत नव्हती.

मग माझी आजी पडली.

मी तेव्हा दहावीत होते. आजी सकाळी चुलीपुढे बसलेली असताना तिच्या हातातली उलथणी गळून पडली आणि ती एका अंगावर कलंडली. उजवी बाजू गेली, त्यासोबत वाचा गेली. आता मला ठाऊक आहे की मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की असं होतं, आणि रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आधी वारं गेलंय म्हणून तेल चोळणं झालं, मग तालुक्याला दवाखाना झाला, मग जिल्ह्याचं रुग्णालय. तोवर रात्र झाली होती.

आजीला बघायला अख्खं गाव आलं. हे मी कौतुकानेच सांगतेय, आमच्याकडे माणसं अशी धावून येतात. बिस्किटाचे पुडे, नारळ, संत्री यांनी बेडखालचा कप्पा भरून गेला. जो येई तो आजीकडे बघून डोळे पुसायचा, "काय हे वाटोळं झालं" म्हणायचा, आईच्या पाठीवर हात ठेवायचा आणि शेवटची एसटी धरायला निघायचा. त्यांचं रडणं खरं होतं. पण ते गेल्यावर आजी होती तशीच असायची, उताणी, ओल्या चादरीवर, छताकडे बघत. आणि आईला कळत नव्हतं की हिला हात कुठून लावायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या ड्युटीला एक सिस्टर आल्या. उंच, आवाज करडा, चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. त्यांनी आल्या आल्या आजीच्या अंगाखालची चादर चाचपली आणि आईला म्हणाल्या, "ताई, रडायचं नंतर. आधी इकडे या, हात धरा." आईने आजीला स्वतःकडे ओढायला सुरुवात केली तसं त्यांनी तिचा हात धरला. "ओढायचं नाही. ओढलं की कातडं सोलतं. असं फिरवायचं."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. आधी आजीशी बोलल्या. "आजी, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेतेय हां." आजी उत्तर देऊ शकत नव्हती, तरी सांगितलं. तिचा डावा हात अंगापासून बाजूला घेतला, म्हणजे तो खाली सापडायला नको. लुळा उजवा हात छातीवर अलगद ठेवला. उजवा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवलं. मग एक तळवा उजव्या खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि एका लयीत आजी वळली. जोर असा लागलाच नाही. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, वरच्या लुळ्या हाताखाली उशी. पूर्ण काटकोनात नाही, थोडं मागे रेललेलं, म्हणजे सगळा भार कमरेच्या हाडावर येत नाही. चादरीची चुणी ताणून सपाट केली. मग आजीच्या माकडहाडावरचा एक लालसर भाग आम्हाला दाखवला आणि त्यावर बोट दाबून सोडलं. "बघा. दाबलं की पांढरं पडतंय, सोडलं की परत लाल होतंय. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लालच राहिलं तर समजायचं आतून सुरुवात झाली. त्याच्यावर चोळायचं नाही, पावडर थापायची नाही. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही, बस्स."

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरली की तिथलं रक्त थांबतं. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, ज्याला बदलता येत नाही त्याची कातडी तिथे मरायला लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस. डावी, पाठ, उजवी. टाचा, घोटे, खुबे, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळीसुद्धा, सगळं रोज बघायचं. हे सगळं त्यांनी जेमतेम दहा मिनिटांत सांगितलं, आईकडून एकदा करून घेतलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू पण ये." मी आजीच्या खांद्याला हात लावला आणि तिला फिरवलं. आजीने डोळे मिटले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

त्या सिस्टरांनी आम्हाला धीराचा एक शब्द दिला नाही. त्यांच्याकडे वेळच नव्हता. पण गावातून आलेल्या सगळ्या माणसांच्या मिळून मायेने जे झालं नव्हतं, ते त्यांच्या त्या दहा मिनिटांनी झालं. कारण त्यांना येत होतं. आपल्याला कुणाचं दुःख बघून भरून येतं, पण काय करायचं हे हाताला ठाऊक नसेल तर ते भरून येणं त्या माणसापर्यंत पोचतच नाही, हे मला त्या वॉर्डात समजलं. मला ते हात हवे होते. मी नर्सिंगला आले ती यासाठी.

आजीला घरी आणल्यावर आईने भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या समासात पेन्सिलीने वेळा लिहायला सुरुवात केली. "डा", "पा", "उ". सुरुवातीला सगळं आईच करायची, रात्री बारा, दोन, चार, आणि सकाळी पुन्हा भाकरी, जनावरं, सगळं. महिन्याभरात तिची स्वतःची कंबर धरली. ती आजीवर खेकसायला लागली आणि खेकसून झालं की चुलीपाशी बसून रडायची. माझी आई मुळात अशी नाही. तिची माया कमी झाली नव्हती, झोप कमी झाली होती. मग वडिलांनी, आमच्या अण्णांनी, रात्रीची दोनची कूस आपल्याकडे घेतली. पहाटेची आणि शाळेआधीची माझी. आत्या पंधरा-पंधरा दिवस येऊन राहायला लागली. आजी त्यानंतर वर्षाहून जास्त जगली. ती गेली तेव्हा शेवटची आंघोळ घालायला भावकीतल्या बायका होत्या. त्यातल्या एका वयस्कर काकूंनी आजीची पाठ बघितली आणि मागे वळून आईला म्हणाल्या, "पाठ कोरी ठेवलीस गं म्हातारीची." त्याहून मोठी शाबासकी आईला आयुष्यात कुणी दिली नसेल.

पहिल्या वर्षाला नर्सिंग फाउंडेशनच्या तासाला बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, हा विषय आला तेव्हा मॅडमनी फळ्यावर चार पायऱ्यांची आकृती काढायच्या आधी एक नाव लिहिलं. अरुणा शानबाग. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते नाव ऐकलेलं नव्हतं.

त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा थांबला आणि त्या पुन्हा कधीच पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या केईएममध्येच होत्या आणि त्यांची काळजी तिथल्या परिचारिकांनी घेतली. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, कूस बदलणं, सगळं. बेड मोकळा करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न झाला तेव्हा याच परिचारिका त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात दयामरणाच्या याचिकेवर निकाल लागला तेव्हा न्यायमूर्तींनी या परिचारिकांचं मुद्दाम कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंना एकही बेडसोर झालेला नव्हता.

अरुणाताईंना तसं जगवत ठेवणं बरोबर होतं का, यावर देशभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्याच निकालाने आपल्याकडे ठरावीक अटींवर उपचार थांबवण्याला कायद्याची वाट मोकळी केली, हेही मला महत्त्वाचं वाटतं. त्या वादात दोन्ही बाजूंची माणसं त्यांचं भलंच चिंतत होती. पण मॅडम बोलत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता. १९७३ साली बावीस वर्षांची असलेली परिचारिका २००९ च्या सुमारास अठ्ठावन्न वर्षांची होऊन निवृत्त झाली असेल. म्हणजे अरुणाताईंसोबत हसलेल्या-बोललेल्या, त्यांच्याबरोबर डबा खाल्लेल्या सगळ्या मैत्रिणी हळूहळू रुग्णालयातून गेल्या असणार. शेवटी त्यांची कूस बदलणाऱ्या कितीतरी मुली १९७३ मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या. त्यांची अरुणाताईंशी ओळख नव्हती, मैत्री नव्हती, नातं नव्हतं. त्यांना हे काम आदल्या पाळीने दिलेलं होतं, आणि आदल्या पाळीला त्याच्या आदल्या पाळीने.

एका माणसाची माया कितीही मोठी असली तरी ती बेचाळीस वर्षं दर दोन तासांनी जागी राहू शकत नाही. माझी आई महिन्याभरात मोडून पडायला आली होती. केईएममध्ये जे घडलं ते घडलं, कारण तिथे ती माया ड्युटीच्या तक्त्यात बसवलेली होती. सकाळ, संध्याकाळ, रात्र. कुणी आजारी पडली तर दुसरी आली, कुणी निवृत्त झाली तर नवी आली. लोकांना ड्युटी हा शब्द रुक्ष वाटतो. मला त्या दिवसापासून तो तसा वाटलेला नाही. सहावीत मला जे मोठं आणि एकट्याने करायचं काम वाटायचं, त्याऐवजी आता मला त्या रांगेत उभं राहायचं होतं. माझ्या आधी कुणीतरी असेल, माझ्यानंतर कुणीतरी येईल, आणि मधले माझे आठ तास नीट झाले पाहिजेत.

घरी हे पटवणं सोपं गेलं नाही. अण्णा तयार होते, आई तर होतीच. पण चुलते म्हणाले, "दुसऱ्याचं हागणं-मुतणं काढायला घरची पोर पाठवायची का?" ते माझ्यावर जीव टाकणारे आहेत, त्यामुळे ते जास्त लागलं. रात्रपाळी, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणं, कुणाकुणाची कुठली जात, असलं सगळं त्यांच्या मनात होतं, काही बोलले, काही नाही. पुढे कॉलेजच्या वाचनालयात रमाबाई रानड्यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, हे सगळं शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे. त्यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि एकट्या पडलेल्या बायकांना परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हाही चांगल्या घरच्या बाईने हे काम करावं का, यावरून गहजब झाला होता. त्या पहिल्या मुलींना रस्त्याने जाताना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा मी अंदाज करू शकते. त्या गेल्या म्हणून आज माझ्यासारखी एसटीत पांढऱ्या गणवेशात बसू शकते.

आणि त्याहीआधी सावित्रीबाई. सावित्रीबाईंचं नाव आपण शाळेशी जोडतो आणि तिथेच थांबतो. १८९७ च्या प्लेगात त्यांनी आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंतला बोलावून घेऊन पुण्याबाहेर माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. लोक प्लेगच्या रुग्णाच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या पांडुरंग नावाच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणलं. तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या पुढे होतं. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मी चुलत्यांना एवढंच म्हटलं, "काका, आपल्या घरात सावित्रीबाईंचा फोटो आहे. त्यांनी काय केलं होतं?" ते काही बोलले नाहीत. पण प्रवेशाच्या दिवशी ट्रंक घेऊन तेच माझ्यासोबत आले.

वॉर्डात गेल्यावर पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं होत नाही, हे लवकर कळतं. पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात असताना १०८ च्या गाडीतून एक माणूस आला. केसपेपरवर लिहिलं होतं "अनोळखी, पुरुष, अंदाजे वय ५५". सोबत कुणी नाही, खिशात काही नाही, केसांच्या जटा झालेल्या, पायाला माती घट्ट बसलेली. आपल्याकडे रुग्णालयाची सगळी गणितं नातेवाईक गृहीत धरून केलेली असतात. औषध आणायला नातेवाईक, एक्सरेला ढकलत न्यायला नातेवाईक, भरवायला नातेवाईक. ज्याला कुणी नाही, त्याच्या वाट्याला आम्ही विद्यार्थी आणि वॉर्डातल्या मावशी.

मी आणि मावशींनी मिळून त्याला पुसून काढायला घेतलं. मावशींची नोकरी संपत आलेली, गुडघे दुखतात, पण हात असा चालतो की बघत राहावं. आधी चेहरा, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. मग लांबचा हात, मग जवळचा. ज्या भागाचं पुसणं चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीखाली. हे मला ट्यूटर मॅडमनी शिकवलं होतं, पण त्यामागची लाज मावशींनी शिकवली. त्यांनी पडदा ओढून घेतला, पलीकडच्या बेडवरून डोकावणाऱ्याला "ओ दादा, तिकडं बघा की" म्हणून सुनावलं, आणि त्या बेशुद्धीच्या काठावरच्या माणसाला "दादा, आता पाठ पुसतो हां" असं सांगितलं. त्यांनी बेडसोरवरचं एक पानसुद्धा वाचलेलं नाही. तो माणूस दोन-तीन दिवस काहीच बोलला नाही. मग एका सकाळी मी टॉवेल पाठीला लावला तसा एकदम म्हणाला, "पाणी गार आहे की!" मावशी इतक्या खूश झाल्या की पँट्रीतून गरम पाणी आणायला दुखरे गुडघे विसरून निघाल्या.

त्या रात्री ड्युटी बदलताना सिस्टर पुढच्या पाळीला सांगत होत्या, मी शेजारी उभी राहून लिहून घेत होते. "अकरा नंबर, अनोळखी. नऊला डावी कूस दिलीय. उजवी टाच लाल आहे, पोटरीखाली उशी लावून टाच अधांतरी ठेवलीय. अकराला पाठ. आज दूध घेतलं, ठसका नाही. पाणी कोमट लागतं त्यांना." हे शेवटचं वाक्य कुठल्याच चार्टमध्ये भरायची जागा नसते. तरी ते सांगितलं गेलं, आणि पुढच्या सिस्टरांनी मान हलवून लिहून घेतलं.

इथे मला राग येतो ती गोष्टही सांगायला हवी. सामान्य वॉर्डात तीन ते सहा रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे आपल्याकडचेच निकष आहेत. मी ज्या वॉर्डात रात्री राहिले आहे, तिथे चाळिसावर रुग्ण, काही जमिनीवर गाद्या टाकून, आणि एक स्टाफ सिस्टर. समजा त्यातल्या दहा जणांना स्वतःहून वळता येत नाही. एकाला नीट वळवायला दोघींना पाच मिनिटं लागतात. म्हणजे दर दोन तासांतली पन्नास मिनिटं, दोन माणसं, फक्त कूस बदलण्यात. उरलेल्या वेळात औषधं, सलाईन, इंजेक्शनं, नोंदी, नवे भरती होणारे, आणि एखादा अत्यवस्थ झाला तर बाकी सगळं तिथेच थांबतं. हे गणित बसतच नाही. मग कुणाची तरी कूस राहते, सकाळी कुणाची तरी पाठ लाल निघते, आणि नातेवाईक ओरडतात ते त्या एकट्या सिस्टरवर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच म्हटलं होतं की रुग्णाला बेडसोर झाला तर बहुतेकदा दोष आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. ते खरं आहे. पण शुश्रूषा करायला माणूसच नेमला नसेल, तर तो दोष नेमणूक न करणाऱ्यांपर्यंत गेला पाहिजे. "रुग्णांशी प्रेमाने वागा" अशा पाट्या लावणं सोपं आहे. रिकाम्या जागा भरणं हे जास्त प्रेमाचं काम आहे. परिचारिका संपावर गेल्या की लोक म्हणतात, यांच्यात सेवाभाव राहिला नाही. मला केईएमच्या त्या परिचारिका आठवतात, अरुणाताईंचा बेड वाचवण्यासाठी भांडलेल्या. भांडणं हाही शुश्रूषेचा भाग असतो, आणि तो आम्हाला कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

मी दमते का? दमते. एक तरुण मुलगा माझ्या पाळीत गेला तेव्हा मी लिनन रूममध्ये जाऊन रडले. ट्यूटर मॅडम आत आल्या, पाण्याचा ग्लास दिला, आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "ड्युटी संपलीय तुझी. हॉस्टेलला जा, जेव, झोप. इथे रात्रीच्या सिस्टर आहेत." तेव्हा ते तोडून बोलल्यासारखं वाटलं. आता वाटतं, त्याहून जपणारं वाक्य त्या क्षणी दुसरं नव्हतं. आईला त्या महिन्यात असं सांगणारं कुणी असतं तर!

पुढचं मी बरंचसं ठरवलंय. बी.एस्सी. नर्सिंगनंतर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर काम करता येतं. आमच्या भागात एका उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोकवस्ती असते. बीपी-शुगर तपासणं, औषधं, गरोदर बायका, लसीकरण, आणि त्याचबरोबर म्हाताऱ्यांची आणि न बऱ्या होणाऱ्या आजारांतल्या माणसांची देखभाल, हे सगळं त्या कामात येतं. शेवटचं काम कागदावर आहे, गावात फार थोड्या ठिकाणी दिसतं. पद कंत्राटी आहे, ते कायम व्हावं म्हणून आंदोलनं चालू असतात, आणि मी गेले तर त्यातही असेन. मला अशी गावं हवीत जिथे आशाताई सांगतील की अमक्याच्या घरी म्हातारा पडून आहे, आणि त्याच आठवड्यात मी त्या घरी जाऊन सुनेला, लेकीला, आणि खास करून मुलाला शेजारी उभं करून दाखवीन, हात कुठे ठेवायचा, उशी कुठे लावायची, लाल जागेवर बोट कसं दाबून बघायचं. मुलाला खास करून म्हणते, कारण आमच्या घरी रात्रीची दोनची कूस अण्णांनी घेतली नसती तर आई उठली नसती. कालनिर्णयाच्या समासात वेळा कशा लिहायच्या आणि त्या घरातल्या माणसांत कशा वाटायच्या, तेही सांगीन. झटका आला की तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा, हे तर पारावर, बचतगटात, शाळेत, सगळीकडे सांगणार आहे.

आई म्हणते, अर्ज भरताना आपला तालुका टाक, घरून जाता येईल. पहिली पसंती तीच टाकणार आहे. यादीत दुसरा जिल्हा आला तर तिकडे जाईन, कुणीतरी म्हातारं माणूस तिथेही उताणं पडलेलं असणारच. सध्या मात्र समोर बालरुग्ण शुश्रूषेची परीक्षा आहे, आणि नवजात बाळाच्या औषधाचे डोस वजनावरून काढायचं गणित माझं अजून हळू चालतं, ते पक्कं करायला घेतलंय.